‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे ज्यानं चूक केली त्यानं म्हणायचं नसतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या गावात दुपारच्या एसटीनं येतो, तरी जिल्ह्याचं पान मी वाचल्याशिवाय ठेवत नाही. त्या पानावर चार-आठ दिवसांनी एक बातमी असतेच, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावाभावात हाणामारी नाहीतर विहिरीच्या पाळीवरून काका-पुतण्यात कुऱ्हाड निघाली, अन् खाली ठाण्याचं नाव, पुढील तपास सुरू. वाचून मला प्रत्येक वेळी वाटतं की ही कुऱ्हाड काही त्या दिवशी निघालेली नाही, त्याच्या आधी त्या घरात दोन-चार वर्षं अबोला असेल. पण अबोल्याची बातमी कोण छापणार. २००७ च्या १५ ऑगस्टपासून सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, आमच्याही गावात समिती बसली, धुऱ्याचे दोन-तीन वाद तिनं चांगले मिटवले, पण एका ताटात जेवणाऱ्या माणसांच्या अबोल्यासाठी कुठली समिती बसत नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

आम्ही कॅथलिक आहोत. तालुका मोर्शी, चार एकर वावर, त्यातल्या दीड एकरात संत्रा. गावात आमची आठ-दहा घरं, फादर महिन्यातून दोनदा मिस्सा, म्हणजे आमची उपासना, करायला येतात, सतरंजीवर बसून मिस्सा होते, चपला बाहेर. क्षमा हा शब्द आम्ही लोक जितक्या वेळा तोंडानं म्हणतो तितका क्वचितच कोणी म्हणत असेल, रोज सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत आहे, जपमाळेत आहे, मिस्सेत तर आहेच. अन् तरी माझ्याच घरात सहा वर्षांपूर्वी जे झालं ते मी सांगते. भाषा पेपरसारखी लिहायचा प्रयत्न करते पण बोलणं जसं झालं तसंच ठेवते.

त्या वर्षी आंबिया बहार चांगला होता, व्यापाऱ्यानं बगिच्याचा इसार म्हणून वीस हजार रोख दिले, ते मी लुगड्याच्या घडीत घालून पेटीत ठेवले. चार दिवसांनी पाहते तर नाहीत. पोरगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, अमरावतीला कॉलेजात, सुटीत घरी आलेला, अन् त्याच्या हातात नवा मोबाईल. मी काही विचारलंच नाही, सरळ अंगणात उभी राहिले अन् त्याला चोर म्हटलं, त्याची मोठी आई ओट्यावर होती, शेजारच्या दोन बाया पाणी भरत होत्या, मोबाईल हातातून ओढला अन् गालावर मारलं पण. तो एवढंच म्हणाला, “आई, मी नाई घेतले पैसे.” मी म्हटलं, “मंग काय भुतानं नेले?”

तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना पोराच्या बाबांनी मान खाली घालून सांगितलं की पैसे त्यांनीच नेले होते, कृषी केंद्राची उधारी चुकवायला, संत्र्यावरच्या डिंक्या रोगाच्या औषधाची जुनी बाकी होती अन् दुकानदारानं चार लोकांत मागितली म्हणून लाज वाटली. तीन दिवस त्यांनी पोराला चोर होऊ दिलं. मोबाईल पोरानं हप्त्यावर घेतला होता, संत्र्याच्या गाड्या भरायला जाऊन पहिला हप्ता कमावला होता.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? पाटवडीचा रस्सा केला. त्याला फार आवडतो. वर तूप वाढलं, दोनदा आग्रह केला, तो मुकाट्यानं जेवला, उठून हात धुतला. मला वाटलं झालं, मिटलं. आपल्याकडं असंच असतं, मोठं माणूस चुकलं की तोंडानं बोलत नाही, आई गोडधोड करते, बाप शंभराची नोट देतो, नवरा बाजारातून पावशेर जिलबी आणतो, अन् समोरच्यानं त्यात काय ते ओळखून घ्यायचं. रात्री सासूबाई म्हणाल्या, “झालं गेलं गंगेला मिळालं.” मी पण मान हलवली. पोरगं गप्प होतं. आता विचार करते तर कळतं की ते वाक्य म्हणायचा हक्क त्या घरात फक्त एकाला होता, अन् त्यानं ते म्हटलं नव्हतं. चूक करणारानंच गंगेला मिळालं म्हटलं तर मार खाणाऱ्यानं काय करावं?

पंधरा दिवसांनी कॉलेज सोडून तो पुण्याकडं गेला, चाकणला कंपनीत लागला. तीन वर्षं फोन यायचा तो बाबांच्या मोबाईलवर. मला दिला तर “हो, ठीक, जेवलो”. भांडण नाही काही नाही. बाहेरच्याला कळणारही नाही असा अबोला होता, अन् मी बायकांना सांगायची की पोरगं कामात आहे हो, बारा-बारा तासाची ड्यूटी असते.

आता आमच्या लोकांबद्दल गावात एक समज आहे तो आधी सांगते, की तुमचं बरं आहे, फादरच्या कानात सांगितलं की पाप धुतलं, पुन्हा करायला मोकळे. तसं नाही हो. पापस्वीकार, आम्ही कन्फेशन म्हणतो, तिथं फादरनी ऐकलेलं ते मरेपर्यंत कुणाला सांगू शकत नाहीत हे खरं आहे, माझं मी सांगू शकते म्हणून लिहिते आहे. पण चोरलेलं परत केल्याशिवाय, अन् कुणाची बदनामी केली असेल तर ती जमेल तशी भरून दिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, ही चर्चची शिकवण आहे. मला ती लहानपणी धर्मशिक्षणात शिकवली होती, विसरले होते म्हणा किंवा विसरायचं होतं म्हणा. इस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मी कन्फेशनला गेले अन् तीन वर्षांनी पहिल्यांदा हे पोराचं बोलले, म्हटलं मी त्याला नंतर पोटभर करून घातलं फादर. आमचे फादर केरळचे, मराठी मोडकं बोलतात. ते म्हणाले, “जेवण वेगळं, सॉरी वेगळं. चोर कुठे बोलला?” म्हटलं अंगणात. “लोक होते?” होते. “मग अंगणातच.” एवढंच, अन् तीन ‘नमो मरिया’ म्हणायला सांगितलं. ते तीन नमो मरिया मी बाहेर येऊन लगेच म्हटले. अंगणातलं करायला मला पुढचे नऊ महिने लागले.

त्या नऊ महिन्यांत मी मिस्सेला गेले की प्रार्थना माझ्या कानाला टोचायला लागली. मिस्सेच्या सुरुवातीला आम्ही सगळे मिळून छातीवर हात मारून कबुली देतो, ती नुसती देवाजवळ नसते, देवाजवळ अन् बाजूला बसलेल्या भावा-बहिणींजवळ अशी दोघांजवळ असते. अन् त्यात विचारानं, शब्दानं, कृतीनं केलेलं पाप तर आहेच, वर जे करायला पाहिजे होतं ते केलं नाही हे पण आहे. पोराच्या बाबांचे ते तीन दिवस म्हणजे हेच, बोलायला पाहिजे होतं तिथं न बोलणं. पुढं कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, आधी शांतीचं चिन्ह असतं, बाजूच्याला हात जोडून शांती द्यायची. मी पंचवीस वर्षं बाजूच्या बाईला हात जोडत आले, अन् माझं पोरगं पाचशे-सहाशे किलोमीटरवर. बायबलात मत्तयाच्या ५ व्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणलं अन् आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव अन् आधी जाऊन समेट कर. मी हे शंभरदा ऐकलं असेल पण त्यातला एक शब्द माझ्या ध्यानात आला नव्हता. तुझ्या मनात राग असेल तर जा, असं नाही तिथं. *त्याच्या* मनात तुझ्याविरुद्ध असेल तर जा, असं आहे. माझ्या मनात तर पोराबद्दल काहीच नव्हतं, मी मोकळीच होते, अन् म्हणूनच निवांत बसले होते.

अजून एक सांगते, हे विदर्भाच्या वाचकाला बरोबर कळेल. आमच्या मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत, मत्तय ६ मध्ये, अपराध असा शब्द नाही, ऋण असा शब्द आहे. जसं आम्ही आमच्या ऋण्यांचं ऋण सोडलं तशी आमची ऋणं सोड. कर्ज म्हणजे काय हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. २०१७ ची दीड लाखापर्यंतची कर्जमाफी पाहिली, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची पाहिली, यादीत नाव शोधलं, आधार जोडला, अंगठा दिला. ज्यांचं झालं त्यांना पण माहीत आहे की बँकेचं माफ झालं म्हणून भागत नाही, सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्यावा लागतो, फेरफार घ्यावा लागतो, तोवर कागदावर तुम्ही कर्जदारच. घरात आपण हेच करतो. माफ केलं म्हणतो अन् बोजा कागदावर ठेवतो. पुढच्या भांडणात निघतोच, “तू तं त्या वर्षी बी असंच केलं होतं”. वीस वर्षांपूर्वी सुनेनं माहेरून यायला दोन दिवस उशीर केला तो अजून निघतो.

मत्तयाच्याच १८ व्या अध्यायात गोष्ट आहे, एका चाकराला धन्यानं दहा हजार तालांत कर्ज सोडलं अन् तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, अन् एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झालेला माणूस शंभर दिवसांच्या मजुरीसाठी गळा धरतो. पण मला त्यातलं आवडतं ते हे की शंभर दिनार काही फुकट नव्हते. २००५ च्या मनरेगाच्या कायद्यात घरामागं वर्षाला जितके दिवस काम लिहिलं होतं तितके ते दिवस, शंभर. मजुराला विचारा शंभर दिवस म्हणजे काय. जे दुखलं ते खरंच दुखलं होतं, हे प्रभूनं त्या गोष्टीत लपवलं नाही. म्हणून कुणी रडत आलं की “एवढं काय त्यात” म्हणू नये, मी पोराला मनातल्या मनात तेच म्हणत होते, एक चापट काय ती.

नाताळला तो आला. २३ तारखेला सांजच्याला जपमाळ आमच्या अंगणात होती, मोठी आई होती, त्या पाणी भरणाऱ्या दोघींतली एक होती, दुसरी बौद्ध आहे तिला मी मुद्दाम बोलावलं होतं चहाला म्हणून. जपमाळ झाली अन् मी उभी राहिले. सकाळपासून पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, “याच अंगनात मी माह्या पोराले चोर म्हटलं होतं, तुमी सगळे होते. त्यानं पैसे घेतले नव्हते. मी त्याले इचारलं बी नाई. चुकलं माह्यं. बेटा, चुकलं माह्यं.” पुढं काही सुचलं नाही.

वाचणाऱ्याला वाटेल की आता पोरगं गळ्यात पडलं. नाही पडलं. तो उठून मागं गोठ्यात गेला अन् बराच वेळ आला नाही. बाया गप्प. मोठी आई पदरानं डोळे पुसत होती. मग तो आला अन् म्हणाला, “चहा हाये काय?” दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते तर समोर येऊन बसला अन् बोलायला लागला, दीड तास बोलला, “तू मले एकदा इचारलं असतं तं”, कॉलेजात मित्रांपर्यंत कशी गोष्ट गेली, एकानं त्याच्यासमोर पाकीट खिशात टाकलं ते, चाकणला पहिले सहा महिने पाटवडी पाहिली तरी जेवण जात नव्हतं ते. मी मधात एकदा “पण बेटा” म्हणाले अन् तिथंच थांबले. त्या दीड तासात मध्ये न बोलणं हे मला अंगणात उभं राहण्यापेक्षा जड गेलं. क्षमा एकटा माणूस एकट्यानं करू शकतो, मेलेल्याला पण करू शकतो, पण समेटाला दोघं लागतात अन् त्यातल्या दुखावलेल्याच्या चालीनं चालावं लागतं, मी एका वाक्यानं गाडी चाकणपर्यंत पोचेल असं समजून बसले होते.

आमच्या धर्मात क्षमेच्या मोठमोठ्या गोष्टी आहेत. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलीच सांगते, सिस्टर राणी मारिया, मूळच्या केरळच्या, देवास-इंदूर भागात भूमिहीन अन् आदिवासी लोकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं काम करायच्या, ते ज्यांना खुपलं त्यांच्या सांगण्यावरून समुंदर सिंह नावाच्या तरुणानं २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या प्रवासात बसमधून ओढून भोसकून मारलं. त्यांच्या सख्ख्या बहीण सिस्टर सेल्मी यांनी २००२ साली जेलमध्ये जाऊन त्याच माणसाच्या हाताला राखी बांधली. तो २००६ ला सुटला, पुढं सिस्टरच्या घरी केरळात गेला तर म्हाताऱ्या आईनं त्याचे हात हातात घेतले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंदूरला सिस्टरना धन्य (संत होण्याच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा तो पण तिथं होता. त्या आईपुढं मी काय बोलावं. पण अशा गोष्टी सांगून आपल्याला सुटायची सवय आहे, त्या संतांच्या गोष्टी, आपण साधी माणसं. पोप फ्रान्सिस, २१ एप्रिल २०२५ ला गेले, ते संसारी माणसाला तीनच शब्द सांगायचे, विचारून घ्या, धन्यवाद म्हणा, माफी मागा, अन् भांडण झालं तर दिवस संपायच्या आत मिटवा. हे काही नवं नव्हतं, बायबलात पौलानं इफिसकरांना तेच लिहिलंय की सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आमच्याच जिल्ह्यात, कितीतरी गावांत सूर्य मावळताना सामुदायिक प्रार्थना होते, त्या वेळेला घरातली सगळी माणसं एका जागी येतात ही सोय आपल्याकडं आधीपासून आहे.

आम्ही आता शनिवारी रात्री प्रार्थनेनंतर पाच मिनिटं बसतो. सुरुवात मोठ्यानं करायची असं ठरवलंय, धाकट्याला आधी बोलायला लावलं तर ती हजेरी होते. “सॉरी-बिरी” चालत नाही, काय चुकलं ते सांगावं लागतं. अन् ऐकणारानं “जाऊ दे” म्हणायचं नाही, कारण आपल्याकडं जाऊ दे म्हणजे आत्ता ठेवते, मग काढते. माफ नसेल होत तर आज नाही होत म्हणायचं, ते पण चालतं, एकदा धाकट्या पोरीनं मला तसं म्हटलं अन् चार दिवसांनी स्वतः आली. काही शनिवारी कुणालाच काही सुचत नाही, जांभया देत झोपतो. बायबलात त्या उधळ्या पोराच्या गोष्टीत बाप दोनदा घराबाहेर पडतो, एकदा आपली वाटणी उडवून परत येणाऱ्या धाकट्यासाठी धावत अन् एकदा रुसून बाहेर थांबलेल्या मोठ्यासाठी. वाटणी करून दिलेला, वय झालेला बाप, चूक त्याची काडीची नाही. आमच्या गावात कुणी बुढा पोरासाठी रस्त्यानं धावला तर लोक काय म्हणतील! माझी तर चूक होती अन् मी चुलीपुढं बसून राहिले.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय पत्र बंद करत नाही, कारण यात मी पण सामील होते. आमच्यातल्या एका बाईला नवरा दारू पिऊन मारायचा, ती तीनदा निघून आली अन् तीनदा आम्ही बायांनीच तिला समजावून परत पाठवलं, प्रभूनं सातांच्या सत्तर वेळा क्षमा सांगितली ना बाई म्हणून. चौथ्यांदा तिचा हात मोडला. प्रभूचा शब्द आम्ही त्या माणसाच्या हातात काठीसारखा दिला. ज्याला सुधारायचंच नाही त्याच्या हाताखाली बाईला, लेकरांना बसवून ठेवणं म्हणजे क्षमा नव्हे, पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाबद्दल जे मोठं पत्र लिहिलं त्यात स्पष्ट आहे की बाईला किंवा लेकरांना हिंसेपासून वाचवायला वेगळं होणं कधी कधी आवश्यकच असतं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, बायांच्या मदतीचा १८१ नंबर आहे. आधी तिला वाचवा. तिनं मनातून माफ करायचं का, कधी करायचं, ते तिचं अन् देवाचं. त्या बाईची मी माफी मागितली आहे. तिनं अजून काही म्हटलेलं नाही अन् मी विचारत पण नाही.

पोराच्या बाबांनी पोराला तसं शब्दात अजून म्हटलेलं नाही. त्या नाताळपासून तीनदा त्यांनी मला फोन लावून दे म्हटलं, अन् लागला की पाऊस आला का, मोटर जळली, असं बोलून ठेवून देतात. परवा रात्री बोलता बोलता एकदम थांबले, म्हणाले, “ते इसाराचं...” अन् तिकडून पोरगं म्हणालं, “बोला ना बाबा, मी ऐकून राह्यलो.” मी तिथून उठून अंगणात आले. पुढं काय झालं ते त्यांना विचारलेलं नाही.

पत्र छापलं तर आमचं नाव देऊ नका, पोराचं तर नकोच.

आपली एक वाचक,
ता. मोर्शी, जि. अमरावती